लिनीअसची नामनीती: वनस्पतिनामांच्या ग्रीक-लॅटिन मूळाचे एक परीक्षण

१

वनस्पतींची शास्त्रीय नावे ग्रीक व लॅटिन भाषांतून आलेली आहेत, हे विधान प्राथमिक पाठ्यपुस्तकापासून पंडिती चर्चेपर्यंत सर्वत्र आढळते. ते इतके रूढ झाले आहे की, त्याच्या पोटात दोन निराळी विधाने दडलेली आहेत याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शास्त्रीय नाव लॅटिनच्या व्याकरणाप्रमाणे चालते, त्याला लॅटिन लिंग व विभक्ती असते, हे पहिले विधान. त्या नावाचा मूळ शब्द ग्रीक किंवा लॅटिन असतो, हे दुसरे. यांपैकी पहिले विधान शास्त्राच्या नियमानेच खरे आहे. दुसरे अंशतःच खरे असून त्याच्या आधारे काढलेली अनुमाने पुष्कळदा फसवी ठरतात.

रूप आणि मूळ यांची ही गल्लत नकळत झालेली नाही. तिच्यामागे एका थोर शास्त्रज्ञाचा विचारपूर्वक मांडलेला सिद्धांत आहे. कार्ल लिनीअस (१७०७–१७७८) याने १७३७ साली लायडन येथे प्रसिद्ध केलेल्या ‘क्रिटिका बोटॅनिका’ या ग्रंथात वनस्पतिनामांच्या ग्राह्याग्राह्यतेची संपूर्ण मीमांसा केली. ग्रंथाचे नावच ‘समीक्षा’ असे आहे; आणि ती समीक्षा वनस्पतींची नसून शब्दांची आहे. म्हणूनच तिचे परीक्षण वनस्पतिशास्त्रज्ञाइतकेच भाषेच्या अभ्यासकाचेही काम ठरते.

या परीक्षणाला केवळ ऐतिहासिक महत्त्व आहे असेही नाही. शास्त्रीय नावाचा अधिकार त्याच्या अभिजात मूळातून येतो असे मानले, तर मराठीत शास्त्रीय परिभाषा घडविणाऱ्यालाही मूळ संस्कृतातच शोधावे लागेल आणि शेतकऱ्याच्या, वैदूच्या व आदिवासीच्या तोंडचे शब्द दाराबाहेर ठेवावे लागतील. उलट तो अधिकार रूपाच्या निश्चितीतून आणि सर्वमान्य संकेतातून येत असेल, तर निष्कर्ष अगदी वेगळा निघेल. या दोन पक्षांपैकी कोणता टिकतो, हा येथील खरा प्रश्न आहे.

२

लिनीअसच्या आधीची स्थिती ध्यानात घेतल्याखेरीज त्याच्या सिद्धांताला न्याय देता येणार नाही. सतराव्या शतकात युरोपच्या बंदरांतून अमेरिका, आफ्रिका आणि आशिया खंडांतील वनस्पतींचा लोंढा येत होता. एकाच वनस्पतीला प्रत्येक ग्रंथकार निराळे नाव देई, आणि नाव म्हणजे बहुधा पाच-दहा शब्दांचे वर्णन असे. प्रवाशांनी ऐकलेले देशी शब्द पोर्तुगीज, डच, फ्रेंच अशा वेगवेगळ्या लेखनपद्धतींनी लिहिले जात. त्यामुळे एकाच शब्दाची चार रूपे होत आणि चार वनस्पती असल्याचा भास निर्माण होई. या अराजकातून वाट काढण्यासाठी लिनीअसने १७३६ साली ‘फंडामेंटा बोटॅनिका’मध्ये सूत्रे रचली, पुढच्याच वर्षी ‘क्रिटिका बोटॅनिका’त त्यांपैकी नामविषयक सूत्रांचे भाष्य केले आणि १७५१ च्या ‘फिलॉसोफिया बोटॅनिका’त ती सारी पुन्हा संकलित केली.

या सूत्रांतील काही नियम निव्वळ शिस्तीचे आहेत. प्रजातीचे नाव एकपदी असावे. अर्धे ग्रीक आणि अर्धे लॅटिन असे संकरित नाव नसावे. ‘सारखा’ या अर्थाचा प्रत्यय लावून एका प्रजातीच्या नावावरून दुसरीचे नाव पाडू नये. हे नियम समजण्यासारखे आहेत. परंतु त्यांच्याच ओळीत आणखी एक नियम बसविलेला आहे: ज्या प्रजातिनामाचे मूळ ग्रीक किंवा लॅटिन भाषेत नाही, ते त्याज्य समजावे. अशा नावांना लिनीअस ‘बर्बर’ नावे म्हणतो. ग्रीक बोलत नाही तो बर्बर, हा या शब्दाचा जुना अर्थ आहे.

या नियमाचे समर्थन तो तीन प्रकारे करतो असे म्हणता येईल. विद्वानांची भाषा एक असली पाहिजे, हे पहिले. शब्द वाक्यात चालविता आला पाहिजे, हे दुसरे. शब्दाने काही अर्थ सुचवून स्मृतीला साहाय्य केले पाहिजे, हे तिसरे. बारकाईने पाहिले असता यांपैकी एकही कारण मूळाच्या शुद्धतेची मागणी करीत नाही. परका शब्दही लॅटिन प्रत्यय लावून चालविता येतो. विद्वानांना तोही पाठ करता येतो. आणि ज्याला ग्रीक येत नाही त्याला ग्रीक समास परक्या शब्दाइतकाच निरर्थक वाटतो. म्हणजे कारणे रूपाची आहेत आणि नियम मात्र मूळाचा केला आहे. सिद्धांतातील पहिली फट येथे आहे.

भारतीय विचारपरंपरेत हाच प्रश्न फार पूर्वी उपस्थित झाला होता, याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. पिक, नेम, सत आणि तामरस हे शब्द आर्यांच्या व्यवहारात रूढ नाहीत, पण म्लेच्छांच्या व्यवहारात आहेत. तेव्हा त्यांचा अर्थ निरुक्त-व्याकरणाच्या बळावर नव्याने कल्पावा, की म्लेच्छ ज्या अर्थी ते योजतात तोच घ्यावा? पूर्वमीमांसेतील या अधिकरणात शबरस्वामींचा निर्णय दुसऱ्या पक्षाला अनुकूल आहे. ज्यांच्या व्यवहारात वस्तू आणि शब्द दोन्ही आहेत, त्यांचे प्रामाण्य कल्पित व्युत्पत्तीपेक्षा बलवत्तर मानले पाहिजे. तामरस म्हणजे कमळ. तेव्हा हा वाद एका अर्थी वनस्पतिनामाचाही आहे. कर्मकांडाच्या शुद्धतेबद्दल अत्यंत दक्ष असलेल्या परंपरेने परक्या शब्दाला दिलेले हे स्थान आणि लिनीअसचा बहिष्कार यांतील अंतर विचार करण्याजोगे आहे.

३

आता सिद्धांताची कसोटी प्रत्यक्ष नावांवर घेतली पाहिजे. शास्त्रीय प्रजातिनामांचे मूळाच्या दृष्टीने तीन वर्ग पडतात: प्राचीन ग्रंथांतून उचललेली नावे, ग्रीक-लॅटिन शब्दांपासून नव्याने घडविलेली नावे, आणि लॅटिन वेष दिलेली देशी नावे.

पहिल्या वर्गाची खाण म्हणजे थीओफ्रॅस्टस, डायॉस्कोरिडीझ आणि प्लिनी यांचे ग्रंथ. ॲरिस्टॉटलचा शिष्य थीओफ्रॅस्टस हा इ. स. पूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकांतला. डायॉस्कोरिडीझ आणि प्लिनी हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातले. यांच्या ग्रंथांतील काही नावे आजही त्याच वनस्पतींना चिकटून आहेत. पाण्याने न भिजणारे या अर्थाचे ‘ॲडिअँटम’ हे नेच्याचे नाव, किंवा ‘प्लॅटॅनस’ हे चिनार वृक्षाचे नाव, ही याची उदाहरणे होत. तथापि अनेक नावे मूळ वनस्पतीपासून सुटून भलत्याच वनस्पतीवर जाऊन बसली.

‘कॅक्टस’ हे नाव घ्यावे. थीओफ्रॅस्टसने ‘काक्टोस’ म्हणून ज्या काटेरी झाडाचे वर्णन केले आहे ते सिसिलीतील, बहुधा हातीचोकाच्या जातीचे होते. लिनीअसने १७५३ साली तेच नाव अमेरिकेतील अशा वनस्पतींना दिले, ज्यांचे थीओफ्रॅस्टसला दर्शन होणेच शक्य नव्हते. मक्याचे ‘झीआ मेज’ हे नाव तर अधिक बोलके आहे. ग्रीक ‘झेइआ’ हे भूमध्य प्रदेशातील एका जुन्या गव्हासारख्या धान्याचे नाव. ते नव्या जगातील धान्याला दिले गेले. ‘मेज’ हा शब्द मात्र कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांचा. या जोडनावात ग्रीक भाग चुकीच्या वनस्पतीकडे बोट दाखवितो आणि ज्याला बर्बर म्हटले तो भाग बरोबर वनस्पतीकडे.

अशी नामांतरे लोकभाषाही करतात. अमेरिकेतून आलेल्या काटेरी वनस्पतीला मराठीने ‘निवडुंग’च म्हटले, पण आपल्याकडील मूळच्या निवडुंगापासून वेगळी ओळख राहावी म्हणून तिला ‘फड्या’ हे विशेषण जोडले. मिरीच्या तिखटपणावरून नव्या फळाला ‘मिरची’ म्हटले, पण मिरीचे नाव मिरीपाशीच ठेवले. लोकभाषेने जुन्याचा हक्क न हिरावता नव्याला नाव दिले. लिनीअसच्या ‘कॅक्टस’मध्ये ही काळजी दिसत नाही. प्राचीन ग्रंथांबद्दल त्याला आदर होता. पण तो त्यांतील शब्दांविषयीचा होता, त्या शब्दांनी दर्शविलेल्या वस्तूंविषयीचा नव्हता.

शिवाय प्राचीन ग्रीक नाव म्हणजे मुळात ग्रीक नाव, असेही गृहीत धरता येत नाही. दालचिनीचे नाव ग्रीकांनी फिनिशियनांकडून घेतले, असे हेरोडोटसच सांगतो. ‘कॅसिआ’ हाही शब्द सेमिटिक भाषांतून ग्रीकमध्ये आलेला असून प्राचीन काळी तो दालचिनीसारख्या सुगंधी सालीचा वाचक होता. आज ‘कॅसिआ फिस्टुला’ म्हणजे आपला बहावा. त्याच्या लांब शेंगेवरून ‘नळी’ या अर्थाचे ‘फिस्टुला’ हे लॅटिन पद मिळाले, ते चपखल आहे. पण पहिल्या पदाचा प्रवास सेमिटिकमधून ग्रीकमध्ये, ग्रीकमधून लॅटिनमध्ये आणि सुगंधी सालीवरून पिवळ्या फुलांच्या वृक्षावर, असा वळणावळणाचा आहे. ‘मूळ ग्रीक’ एवढे म्हणून या प्रवासातील एक मुक्काम तेवढा सांगितला जातो.

४

दुसरा वर्ग नवनिर्मित समासांचा. लिनीअसच्या पद्धतीचे खरे वैभव येथे दिसते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ग्रीक भाषेची समासशक्ती संस्कृतसारखीच अमर्याद आहे. ‘टेरोकार्पस’ म्हणजे ज्याचे फळ पंखयुक्त आहे तो. बिबळ्याचे चपटे, कडेने पातळ झालेले फळ ज्याने पाहिले आहे त्याला या नावाची यथार्थता सांगावी लागत नाही. ‘फायलँथस’ म्हणजे पर्णावरील पुष्प. आवळ्याची बारीक फुले ज्या नाजूक डहाळ्यांवर येतात त्या संयुक्त पानासारख्या दिसतात, म्हणून हे नाव. ‘टर्मिनॅलिया’ हे नाव ‘अंत’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले. फांद्यांच्या टोकाशी पानांची दाटी होते हे त्यात सुचविले आहे. कोकोच्या झाडाचे ‘थिओब्रोमा’, म्हणजे देवांचे अन्न, हे नाव तर रसिकाच्याच तोंडून निघावे असे आहे.

व्यक्तिनामांवरून पाडलेल्या नावांतही लिनीअसने अर्थाची सांगड घातलेली आढळते. आपटा आणि कांचन ज्या प्रजातीत येतात ती ‘बाउहिनिया’ प्रजाती दोन बाउहीन बंधूंच्या स्मरणार्थ आहे. नाव प्ल्यूम्ये याने दिलेले. पण मध्यावर दुभंगलेले पान ही त्या दोन भावांची जोडी होय, हे स्पष्टीकरण लिनीअसने ‘क्रिटिका’त आवर्जून दिले. दसऱ्याला आपट्याचे पान हाती घेणाऱ्या मराठी वाचकाला या कल्पकतेची गंमत वाटल्यावाचून राहणार नाही.

परंतु नावाची सूचकता हा त्याचा गुण असला, तरी ते त्याचे प्रमाण होऊ शकत नाही. ‘फायलँथस’मधील फुले वस्तुतः पानावर येत नाहीत, नावाचा अर्थ एका भासावर उभा आहे. ‘मिम्युसॉप्स’ म्हणजे वानरासारखे दिसणारे. बकुळीच्या फुलात वानराचे मुख पाहण्यास असाधारण कल्पनाशक्ती लागते. ‘सिला पेरुविआना’ ही वनस्पती पेरू देशातील नसून पश्चिम भूमध्य प्रदेशातील आहे. ही नावे अर्थाच्या दृष्टीने सदोष असूनही शास्त्रात अबाधित आहेत, कारण शास्त्र त्यांचा अर्थ विचारीतच नाही. अर्थपूर्णतेसाठी ग्रीक-लॅटिन मूळ हवे, हे लिनीअसचे तिसरे कारण त्याच्याच नावांच्या आयुष्याने असे दुर्बल करून टाकले आहे.

५

तिसरा वर्ग हा सिद्धांताच्या दृष्टीने सर्वांत अडचणीचा. देशी नावे त्याज्य ठरविल्यावरही लिनीअसला ती सर्व टाकता आली नाहीत; कित्येक इतकी रूढ होती की टाकली असती तर त्याचेच ग्रंथ दुर्बोध झाले असते. म्हणून त्याने एक पळवाट ठेवली: परक्या शब्दाला ग्रीक किंवा लॅटिन व्युत्पत्ती देता आली, तर तो राहू द्यावा. ‘डाटुरा’ हे संस्कृत ‘धत्तूर’, मराठी ‘धोत्रा’. पण लॅटिनमध्ये ‘देणे’ या अर्थाच्या धातूचे नेमके असेच एक कृदन्त रूप होते, म्हणून नाव टिकले. केळीचे ‘म्यूझा’ हे अरबी ‘मौझ’वरून आलेले, पण ऑगस्टस बादशहाच्या वैद्याचे नाव अँटोनिअस म्यूझा होते, तेव्हा ते त्याच्या स्मरणार्थ आहे असे मानण्यात आले.

या व्युत्पत्ती खोट्या आहेत एवढेच येथे सांगावयाचे नाही. त्या खोट्या असण्याने लिनीअसचे काहीच अडले नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. नियमाला शब्दाचा खरा इतिहास नको होता; अभिजाततेचे एक प्रमाणपत्र तेवढे हवे होते. मूळाच्या शुद्धतेचा आग्रह धरणारा सिद्धांत मूळाविषयी इतका उदासीन असावा, ही त्याची दुसरी आणि मोठी फट होय.

लिनीअसच्या मुलाने १७८२ साली सागवानाला दिलेले ‘टेक्टोना’ हे नाव या वृत्तीचा परिपाक म्हणावा लागेल. मल्याळम भाषेतील सागाचे नाव पोर्तुगीजांच्या तोंडी ‘तेका’ झाले आणि त्याचे लॅटिन रूपांतर ‘टेक्टोना’. ग्रीक भाषेत ‘टेक्टोन’ म्हणजे सुतार. सुताराच्या सर्वांत आवडत्या लाकडाला सुतारावरूनच नाव मिळाले, असा समज व्हावा इतका हा योग जुळला आहे. केवळ ग्रीक कोश पाहून व्युत्पत्ती सांगणारा येथे हमखास फसतो, आणि केरळच्या किनाऱ्यावरील शब्द नजरेआड होतो.

याहून जुना थर तर पूर्णपणे झाकला गेलेला आहे. ‘पायपर’ हे नाव लॅटिन, त्याआधी ग्रीक ‘पेपेरी’; पण त्याच्या मुळाशी आहे ती ‘पिप्पली’. ‘झिंजिबर’च्या मुळाशी पालीतील ‘सिंगिवेर’ आणि संस्कृतातील ‘शृंगवेर’ आहे, आणि त्याही मागे द्राविडी शब्द असावा असे अभ्यासक मानतात. ‘सॅकरम’मध्ये ‘शर्करा’, ‘सँटॅलम’मध्ये ‘चंदन’, ‘ओरायझा’मध्ये इराणी भाषांच्या वाटेने गेलेला ‘व्रीहि’ शब्दाचा आप्त आहे. ही सारी नावे लिनीअसच्या दृष्टीने निर्दोष अभिजात होती, कारण ती प्राचीन ग्रंथांत सापडत होती. म्हणजे जो परका शब्द दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांबरोबर अलेक्झांड्रियाला पोहोचला तो ग्रीक, आणि जो सोळाव्या शतकात लिस्बनला पोहोचला तो बर्बर! हा भेद भाषेचा नसून केवळ आगमनाच्या तारखेचा आहे.

आणखी दोन नावांचा उल्लेख केल्याशिवाय हा भाग पुरा होत नाही. ‘मँजिफेरा’ म्हणजे आंबा धारण करणारा. यातील ‘मँगा’ हा मल्याळम शब्द पोर्तुगीजांनी नेलेला आणि ‘फेरो’ हा लॅटिन धातू. ग्रीक-लॅटिन संकरही ज्याला निषिद्ध होता, त्याने १७५३ च्या ग्रंथात मल्याळम-लॅटिन संकर सुखाने स्वीकारला. ‘टॅमॅरिंडस इंडिका’ हे चिंचेचे नाव. अरबी ‘तम्र हिंदी’ म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. त्यात ‘हिंद’ आहेच, वर पुन्हा ‘इंडिका’. दोनदा भारतीय ठरविलेले हे झाड मूळचे मात्र आफ्रिकेतले.

लिनीअसच्या व्यवहारातील एक व्यवस्था येथे स्पष्ट दिसते. १७५३ च्या ‘स्पीशीज प्लँटारम’मध्ये त्याने द्विपदी नामांची पद्धत सर्रास वापरली, त्यातील पहिले पद प्रजातीचे, दुसरे जातीचे. मूळाचा कडक नियम पहिल्या पदालाच होता. त्यामुळे देशी नावे दुसऱ्या पदात मोठ्या संख्येने शिरली: ‘मिम्युसॉप्स एलेंगी’, ‘फायलँथस एंब्लिका’, ‘मिचेलिया चंपका’, ‘थिओब्रोमा ककाओ’, ‘पायपर बीटल’. ग्रीक-लॅटिन पद कुळाच्या ठिकाणी आणि देशी पद व्यक्तीच्या ठिकाणी, असा हा क्रम आहे. नावांच्या जगातील ही उतरंड त्या काळातील ज्ञानाच्या उतरंडीशी मिळतीजुळती आहे, हे नमूद केले पाहिजे.

६

लिनीअसला पर्याय नव्हता असे म्हणता येत नाही. त्याच्या टेबलावरच तो होता. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे याने सिद्ध करविलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ ॲम्स्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत प्रसिद्ध झाला. सातशेहून अधिक वनस्पतींच्या या ग्रंथात मथळ्याला मल्याळम नावे आहेत. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचे आणि रंग भट, विनायक पंडित व अपू भट या तीन कोंकणी वैद्यांचे साहाय्य त्याला लाभले. या तिघांचे १६७५ सालचे नागरी लिपीतील कोंकणी निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे आणि चित्रांवर रोमन, मल्याळम व अरबी लिप्यांबरोबर नागरी लिपीतही नावे कोरलेली आहेत. मराठी-कोंकणी प्रदेशाचा या विषयाशी असलेला हा सर्वांत जुना आणि निर्विवाद दुवा होय. लिनीअसने या ग्रंथाचा भरपूर उपयोग केला. मात्र त्यातील नावे बहुतांशी बाजूला ठेवली.

सिद्धांताचा उघड विरोधक म्हणजे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिशेल आदांसाँ. सेनेगालमध्ये काही वर्षे काढून आलेल्या या शास्त्रज्ञाने १७६३ साली प्रसिद्ध केलेल्या कुलविषयक ग्रंथात देशी नावांना निःसंकोच स्थान दिले. लिनीअसने आफ्रिकेतील गोरखचिंचेला त्याच्या गौरवार्थ ‘ॲडान्सोनिया’ हे नाव दिले असताना आदांसाँने स्वतः मात्र ‘बाओबाब’ हेच नाव वापरले. सिंहली शब्दावरून त्याने कमळाची ‘नेलुंबो’ ही प्रजाती स्थापिली. लिनीअसने हाच शब्द ‘निंफिया’ या ग्रीक नावाच्या मागे दुसऱ्या पदात ठेवला होता. आज कमळाची प्रजाती ‘नेलुंबो’ म्हणूनच ओळखली जाते; ग्रीक अप्सरेचे नाव कुमुदांकडे राहिले.

भारतात या वादाला सर विल्यम जोन्सने तोंड फोडले. ‘एशियाटिक रिसर्चेस’मधील लेखांत त्याने झाडांना माणसांची नावे देण्याच्या प्रथेविषयी नापसंती दर्शविली आणि भारतीय वनस्पतींसाठी संस्कृत नावांचा पुरस्कार केला. १७९४ साली जोन्स निवर्तला आणि दुसऱ्याच वर्षी रॉक्सबर्गने अशोकाला त्याच्या स्मरणार्थ ‘जोन्सिया अशोका’ हे नाव दिले. ज्या प्रथेला त्याचा विरोध होता तिचाच सन्मान त्याच्या वाट्याला आला. पुढे अग्रक्रमाच्या नियमाने हा वृक्ष ‘सराका’ या आधीच्या प्रजातीत गेला, ‘जोन्सिया’ लोपले आणि ‘अशोका’ मात्र राहिले.

मोहाच्या नावाची कथाही अशीच आहे. बोलोन्याच्या बास्सी नामक शास्त्रज्ञावरून त्याला ‘बासिया’ हे नाव दीर्घ काळ चालू होते. परंतु तेच नाव १७६६ साली दुसऱ्या एका वनस्पतीला दिले गेले होते, असे दिसून आल्यावर मोहाला दुसरे नाव शोधावे लागले आणि १७९१ मधील ‘मधुका’ हे संस्कृत नाव मान्य झाले. येथे संस्कृतच्या थोरवीचा विजय झाला, असा अर्थ लावणे मात्र चुकीचे होईल. ‘मधुका’ टिकले ते अग्रक्रमाच्या नियमाने. त्याच्या मूळाचा त्यात काही संबंध नाही. उद्या तोच नियम एखाद्या संस्कृत नावाच्या विरुद्ध गेला, तर ते नावही जाईल.

७

शास्त्राने अखेर या वादाचा निकाल कसा लावला? १८६७ साली पॅरिस येथे आल्फाँस द कांदोलच्या पुढाकाराने नामकरणाचे नियम मान्य झाले, आणि त्यांतून आजची आंतरराष्ट्रीय संहिता विकसित झाली. तिच्या तीन तरतुदी येथे निर्णायक आहेत. प्रजातीचे नाव कोणत्याही भाषेतून घेता येते, किंबहुना ते मनाने रचलेही जाऊ शकते. शास्त्रीय नावे, मूळ कोणतेही असो, लॅटिनच मानली जातात. आणि नावाचा हेतू वनस्पतीचे लक्षण सांगण्याचा नसून तिचा निर्देश करण्याचा असतो. म्हणजे लिनीअसची रूपाची बाजू शास्त्राने पूर्ण स्वीकारली आणि मूळाची बाजू पूर्ण नाकारली.

रूपाची ही बाजू दुर्बल नाही. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर ‘अशोक’ म्हणून ओळखला जाणारा उंच, सरळ, झुकत्या पानांचा वृक्ष खरा अशोक नव्हे. खरा तो सीताअशोक. या दुसऱ्या वृक्षाचे शास्त्रीय नाव पूर्वी ‘पॉलिआल्थिया लाँगिफोलिया’ होते. २०१२ साली तो ‘मोनून’ या प्रजातीत गेल्यावर त्याचे नाव ‘मोनून लाँगिफोलियम’ झाले. ‘मोनून’ म्हणजे एकच बीजांड असलेले. त्यातील ‘अंडे’ या अर्थाचा ग्रीक शब्द नपुंसकलिंगी असल्याने विशेषणालाही नपुंसकलिंगी व्हावे लागले. वड, पिंपळ आणि उंबर ही तीन निराळी मराठी नावे ‘फायकस’ या एका नावाखाली येताच त्यांचे नाते उघड होते. आणि ‘फायकस’ पुल्लिंगी दिसत असूनही रोमन लोक अंजिराच्या झाडाला स्त्रीलिंगी मानीत, म्हणून पिंपळ ‘रिलिजिओसा’ ठरतो. नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्येच लिहिण्याचे १९३५ पासूनचे बंधन २०१२ मध्ये सैल होऊन इंग्रजीलाही मुभा मिळाली; नावाचे लॅटिन रूप मात्र कायम आहे. भाषेचे हे बळ व्याकरणाचे आहे, वंशाचे नव्हे.

नाव हा केवळ निर्देश असेल, तर त्याच्या इतिहासाची उठाठेव कशाला, असा आक्षेप यावर येऊ शकतो. त्याला उत्तर अलीकडच्याच घटनेने दिले आहे. दक्षिण आफ्रिकेतील अनेक वनस्पतींच्या नावांत ‘काफ्रा’ हे पद होते. अरबी ‘काफिर’पासून निघालेला हा शब्द तेथील कृष्णवर्णीयांसाठी घोर अपमानाचा झाला होता. जुलै २०२४ मध्ये माद्रिद येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने या नावांतील आद्य व्यंजन गाळून त्यांना आफ्रिकावाचक रूप देण्याचा निर्णय केला. शब्दाचे मूळ शास्त्रीय प्रामाण्याच्या दृष्टीने गौण असले, तरी माणसांच्या दृष्टीने ते गौण नसते. व्युत्पत्तीच्या अभ्यासाचे स्थान येथेच आहे: नावाला अधिकार देण्यासाठी नव्हे, तर नावामागे कोणाचे ज्ञान आणि कोणाचा अवमान दडला आहे हे ओळखण्यासाठी.

८

या विवेचनातून मराठीपुरते दोन निष्कर्ष निघतात.

पहिला परिभाषेसंबंधी. ‘पुंकेसर’, ‘परागकण’, ‘बीजांड’, ‘द्विदल’ यांसारख्या संज्ञा संकल्पनांच्या वाचक आहेत. तेथे अर्थवाही संस्कृत समास उपयुक्त ठरले आहेत. वनस्पतीचे नाव मात्र संकल्पनेचे वाचक नसते, तर वस्तूचे निर्देशक असते. म्हणून ‘फायलँथस’चे ‘पर्णपुष्प’ असे भाषांतर करणे म्हणजे आवळ्याला नवे नाव देणे नव्हे, तर त्याचे असलेले नाव गमावणे होय. लिनीअसने ग्रीकच्या नावाने जे केले तेच संस्कृतच्या नावाने करण्याचा मोह मराठी परिभाषाकाराने टाळला पाहिजे. आवळा, बकुळ, मोह, बिबळा हे शब्द लेखनात जसेच्या तसे योजावेत आणि निश्चितीसाठी लॅटिन रूप सोबत द्यावे. दोघांची कामे निराळी आहेत.

दुसरा निष्कर्ष व्युत्पत्तीच्या अभ्यासासंबंधी. वनस्पतिनामाची नोंद करताना मूळ, मार्ग आणि रूप या तीन गोष्टी स्वतंत्रपणे सांगितल्या पाहिजेत. ‘टेक्टोना’चे मूळ मल्याळम, मार्ग पोर्तुगीज, रूप लॅटिन. ‘पायपर’चे मूळ भारतीय, मार्ग ग्रीक, रूप लॅटिन. ‘अननस’ हा शब्द तर दक्षिण अमेरिकेतील तुपी भाषेतून निघून पोर्तुगीजांच्या द्वारे एकीकडे ‘अननास’ या लॅटिन प्रजातिनामात आणि दुसरीकडे मराठीत येऊन पोहोचला. त्याला दोन्ही ठिकाणी सारखाच परका आणि सारखाच आपला म्हणावे लागेल.

लिनीअसने वनस्पतींच्या जगाला एक व्याकरण दिले, हे त्याचे ऋण कोणालाही नाकारता येणार नाही. व्याकरणाबरोबर त्याने वंशावळही देऊ पाहिली, ती मात्र त्याच्याच नावांनी मोडून काढली. शास्त्रीय नाव उच्चारताना रोम आणि अथेन्स यांबरोबरच कोचीन, सेनेगाल, सिंहलद्वीप आणि कॅरिबियन बेटे यांचाही उच्चार होत असतो. ग्रीक-लॅटिन मूळाचा सरसकट पाठ सोडून या अनेक मूळांचा शोध घेणे, हे या क्षेत्रातील संशोधनाचे पुढील कार्य होय.